पाचशे माणसांचं यान

३ सप्टेंबर ९४, शनि.
यान केवढं, यावरून आज नानाशी पुन्हा वाजलं. नाटक त्याचं, दिग्दर्शन त्याचं, काम करणारा एकटा तोच. नेपथ्य तेवढं माझं. यानात पाचशे माणसं पेट्यांत झोपलेली, एकच माणूस जागा, शंभर वर्षांचा प्रवास. मग यान स्टेजभर नको? मी अठरा फुटांची कमान काढलीय, मागे जिने, वर सज्जा. हा म्हणतो, "एसटीत साठ माणसं बसतात, ती केवढी असते?" अरे, एसटी साताऱ्याहून सांगलीला जाते, ताऱ्यांवर नाही! शंभर वर्षांचं धान्य ठेवायचं कुठं? तर म्हणे, "झोपलेली माणसं जेवत नाहीत, बाळ्या." पोस्टातला कारकून मला अक्कल शिकवतोय.

११ सप्टें., रवि.
दत्तू सुतारानं कागद उलटासुलटा करून पाहिला. "आवं सर, लय मोठं झालं. स्टेजवर मावंल, पर टेंपोत बसणार न्हाई." तुकड्यांत कर म्हटलं.
नानाला एक मुद्दा पटला. यान एवढं हवं की माणसानं हाक मारली तर उत्तर येऊ नये. तेवढ्यासाठी कमान मंजूर. खोकत होता सारखा.

२ ऑक्टो., रवि.
शाळेच्या हॉलमध्ये कमान उभी राहिली. झकास दिसते, उगाच नम्रपणा कशाला. नाना तिच्याखाली उभा राहून बोलायला लागला. दत्तू शेवटच्या रांगेत.
"नानांचं काय कळंना. हिरीतनं बोलल्यावानी येतंय."
नाना हसला. घसा बसलाय म्हणे. दोन महिने झाले बसून. ज्येष्ठमध चघळून दोन महिन्यांचा घसा कुणाचा सुटलाय?

११ ऑक्टो., मंगळ.
मिरजेला दाखवलं. गाठ. स्वरयंत्र काढावं लागणार. नानानं एकच विचारलं, "नंतर बोलता येईल?" डॉ. म्हणाले, तुमच्या आवाजात नाही.
नाट्यस्पर्धेतला प्रयोग १२ नोव्हें.ला. तेवढी मुदत मागून घेतली त्यानं. डॉ. नाखूष होते. त्यापुढं एक दिवस नाही म्हणाले.
परतताना कऱ्हाडला चहा घेतला. मग म्हणाला, "यान लहान कर. भिंती जवळ असल्या की आवाज पुढं जाईल."
मला पहिल्यांदा काय वाटलं, तर कमान गेली. लाज वाटते लिहायला, पण वाटलं खरं.

१६ ऑक्टो., रवि.
कमान कापली. आता सहा फूट बाय पाच. मागे प्लायवुड, डोक्यावर तिरकं झाकण. देवघरसुद्धा याच्यापेक्षा मोठं असतं लोकांचं.
"आणि पाचशे माणसं?" मी.
नाना आत बसला. मागच्या प्लायवुडवर बोटानं तीनदा वाजवलं, कान लावला, मग आमच्याकडे बघितलं. बास. दत्तूच्या अंगावर काटा आला, माझ्याही. त्या फळीमागं किती लांबपर्यंत यान आहे ते काही केल्या मोजता येईना. वीस वर्षं नेपथ्य करतोय, हे मला का सुचलं नाही?
आवाज नवव्या रांगेपर्यंत पोचला.

७ नोव्हें., सोम.
कार्ड आलं. स्पर्धा पुढं ढकलली. आमचा प्रयोग १० डिसेंबर.
नाना म्हणतो, महिन्याभरानं काय होतंय.
संध्याकाळी वहिनी आल्या. चहा नको म्हणाल्या, बसल्याही नाहीत. "भावोजी, तुम्ही सांगा. माझं ऐकायचं त्यांनी कधीच सोडलंय."

९ नोव्हें., बुध.
सांगितलं. "ऑपरेशन करून घे. नाटक गेलं खड्ड्यात."
नाना म्हणाला, "कमानीचा सूड घेतोस होय रे?"
मी म्हटलं, व्हय, घेतोय. चिडून बोलून गेलो.
तो उठला आणि वहिनींना म्हणाला, बॅग भर. मला काहीच नाही बोलला.

१४ नोव्हें., सोम.
सातारा–मिरज. चार तास शेजारी बसलो. वहिनींशी बोलला, कंडक्टरशी सुट्या पैशांवरून भांडलासुद्धा. माझ्याशी एक शब्द नाही. दोन दिवसांचा आवाज उरलाय आणि माणूस अबोला धरून बसलाय. मीही हट्टी. इस्लामपूरला दोघांपुरता चहा आणला, त्यानं घेतला, मान हलवली.
एवढा राग धरण्यासारखं मी काय केलं? जगावा म्हणून बोललो ना?

१५ नोव्हें., मंगळ.
दिवसभर खाटेशी. दोनदा माफी मागितली. भिंतीकडे तोंड करून पडून होता. वहिनी म्हणाल्या, झोपलेत. जागा होता, मला कळतं.

१६ नोव्हें., बुध.
सकाळी साडेआठला आत नेलं. दारापर्यंत गाडीच्या दांड्याला धरून चाललो. मनात म्हणत होतो, शिवी दे, गाढवा म्हण, काहीतरी बोल. माझ्याकडे बघितलं त्यानं, नीट बघितलं. मग गाडी ढकलणाऱ्याला म्हणाला, "जरा हळू घ्या हो, पुढं उंबरा आहे."
दार लागलं.
वहिनींनी विचारलं, "तुम्हाला काही म्हणाले का?"
काळजी करू नकोस म्हणाला, असं सांगितलं.
चार तास लागतील म्हणतात. दीड तास झाला.