भरल्या सभेत एकटी

बाई, पाटोद्याच्या शाळेत तुम्ही कार्थेज शिकवलंत तेव्हा ते नकाशात कुठं आहे हेसुद्धा आम्हाला सापडलं नव्हतं. पुस्तकात चार ओळी होत्या. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि टेबलाला टेकून सांगायला लागलात. कार्थेजला रोमवर मोठा विजय मिळालाय, मेलेल्या रोमन सरदारांच्या सोन्याच्या अंगठ्या सभेत ओतल्यात, सगळे आनंदानं वेडे झालेत, आणि एकच पुढारी उठून विचारतोय, ‘रोमनं तहासाठी माणूस पाठवलाय का? नाही? मग लढाई संपली कुठं? जिंकतोय तोवरच तह करा.’ मी मागच्या बाकावरून म्हणाले, ‘भित्रा होता तो.’ वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. ‘भरल्या सभेत एकटी उभी राहून दाखव, मग बोल,’ म्हणालात. त्याचा राग मला वर्षभर पुरला.

ती सभा माझ्या वाट्याला आली दुष्काळात. मी गावच्या दूध सोसायटीची अध्यक्ष. आमचं गाव आणि वरचं गाव, दोघांत तलाव एकच. तळाशी उरलेलं पाणी वरच्या गावच्या सोसायटीनं मोटार लावून आपल्या जनावरांकडं वळवलेलं, आमच्या गाई टँकरच्या वाटेकडं तोंड करून हंबरतायत. देवळासमोर गाव जमलंय, पोरांनी कुऱ्हाडी आणल्यात. पाइप तोडायचा, मोटार उचलायची, आडवा येईल त्याला झोडायचं. टाळ्या पडतायत. मी उभी राहते.

‘जायचं न्हाई,’ मी म्हणते.

‘अध्यक्षीणबाई भेल्या!’ कुणीतरी ओरडतं. माझा सख्खा दीर म्हणतो, ‘वैनी, तुमी खाली बसा. हे बायांचं काम न्हाई.’

मी बसले नाही. ‘वरच्या गावात ज्यांनी लेकी दिल्यात, त्यांनी हात वर करा,’ म्हणाले. मग पारावरच्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. मग इकडून एक, तिकडून एक. शेवटी माझ्या दिराचाही वर गेला.

‘आता सांगा, कुऱ्हाड कुणाच्या दारात न्यायची? सकाळी मला जाऊन येऊ द्या. रिकामी आले तर तुमच्या म्होरं मी चालंन.’

सकाळी चार बाया घेऊन गेले. तलावाच्या बांधावर त्यांची माणसं लाठ्या घेऊन बसलेली. त्यांचे अध्यक्ष म्हणाले, ‘आमी तुमच्या पोरांची वाट बघत हुतो. तुमी कशाला आलात?’

‘वाटणी करायला. तुमच्याकडं पाणी हाय, चारा न्हाई. आमच्याकडं कडबा लई हाय, पाणी न्हाई.’

दुपारपर्यंत भांडलो, पण तोंडानंच. एक दिवस पाणी त्यांचं, एक दिवस आमचं, आणि कडबा दोन्ही गावांचा असं ठरलं. परत आले तेव्हा दिरानंच गाडीत कडबा भरायला घेतला.

त्या उन्हाळ्यात दोन्ही गावांतलं एकही जनावर आष्टीच्या बाजारात विकायला उभं राहिलं नाही. आता दोन्ही गावांचं दूध एकाच सोसायटीत जमा होतं. तिच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव वरच्या गावानं पुढं केलं, आणि निवडून आले त्या दिवशीचा गुलाल कितीतरी दिवस केसांतून निघेना. बाई, त्या बिचाऱ्याचं कुणी ऐकलं नाही आणि कार्थेज जळून गेलं. माझं ऐकलं!

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता आता कुणाकडं मागू? लिहून ठेवते, झालं. एक तेवढं सांगायचं राहिलं. परवा माझ्या सत्कारात मी कार्थेजच्या त्या पुढाऱ्याची गोष्ट सांगितली, तर एका पोरीनं त्याचं नाव विचारलं. मला काही केल्या आठवेना. मग मी तुमचंच नाव सांगून टाकलं.