तुणीच्या लाकडाची पेटी

कोल्हापूर,
१९ नोव्हेंबर १९७६

प्रिय नंदू,

अंबादासरावांची तार काल दुपारी आली. इंग्रजीत पाच-सहाच शब्द. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी चष्मा लावून ते तीनदा वाचले आणि तुझ्या आईने एकदाही न वाचता उंबऱ्यात बसून मोठमोठ्याने रडायला सुरुवात केली. तार आणणारा शिपाई बिचारा घाबरला. त्याला वाटलं, आपण कुणाच्या तरी मरणाची बातमी आणली. शेवटी त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं की बाबा रे, ही बाई आनंदाने रडते आहे, हिची पद्धतच अशी आहे. तेव्हापासून घरात जी माणसांची ये-जा सुरू झाली ती आत्ता सकाळी दहाला कुठे थांबली आहे, आणि मी मांडीवर फळी घेऊन तुला लिहायला बसलोय.

पत्र लांबणार आहे. त्या चिरुटांच्या पेटीची हकीकत तुला अथपासून इतिपर्यंत सांगायची आहे. कपाळाला हात लावू नकोस. गेले सहा महिने माझ्या प्रत्येक पत्रात ती पेटी होती आणि तू एकदा चिडून लिहिलंही होतंस, की अप्पा, तुमची पत्रं वेधशाळेच्या अहवालासारखी यायला लागलीत. खरं आहे. पण मी तुकड्यातुकड्यांनी लिहीत होतो आणि मुख्य गोष्ट गाळत होतो.

एप्रिलच्या अखेरीस अंबादासरावांचा मित्र सांगलीला जाता जाता आपल्याकडे उतरला आणि त्याने माझ्या हातात चिरुटांचं खोकं ठेवलं. सोबत जावईबापूंची चिठ्ठी. तिकडे परदेशात मूल झालं की बाप ओळखीपाळखीच्यांना चिरूट वाटतो, तेव्हा ज्या दिवशी तार येईल त्या दिवशी अप्पांनी माझ्या वतीने कोल्हापुरात हे वाटावेत. झालं! तुझ्या आईचा पारा चढला. तिसरा महिना लागतो न लागतो आणि ह्यांनी पेढे पाठवले, असं म्हणून ती माझ्यावरच घसरली, जणू मीच ते बाजारातून आणले होते. तिचंही चुकत नव्हतं. चार वर्षांपूर्वी तुझ्या पहिल्या वेळी तिने डझनभर झबली शिवली होती आणि मी केरबा सुताराकडून सागवानी पाळणा करून घेतला होता. दुसऱ्या वेळी तोच पाळणा माळ्यावरून काढून पुन्हा पॉलिश केला. दोन्ही वेळा काय झालं ते तुला मी काय सांगू? पाळणा कुणाला तरी देऊन टाकला, झबली देऊन टाकली, आणि आईने घरात कायदा केला. पुढच्या वेळी मूल हातात येईपर्यंत काही करायचं नाही. शिवायचं नाही, आणायचं नाही, विषय काढायचा नाही, पत्रात विचारायचंसुद्धा नाही. विचारलं की दृष्ट लागते, असं तिचं म्हणणं. मी चौतीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, पण ह्या बाबतीत तिच्याशी वाद घालायचा धीर मला झाला नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं की असेलही काही.

चिरुटांचं काय करायचं यावर आईने दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला, की तंबाखू तो तंबाखू, त्याला कसला शकुन नि अपशकुन, राहू दे घरात. त्या मित्राने जाताना सांगितलं होतं, हे कोरडे पडू देऊ नका, जरा ओलसर ठेवा. आता आपल्या घरात ओलसर ठेवायची वस्तू म्हणजे विड्याची पानं. आईने मोठ्या प्रेमाने सगळ्या चिरुटांवर पाणी शिंपडलं, ओल्या फडक्यात ते गुंडाळले, आणि नव्या चटणीसाठी घासूनपुसून ठेवलेल्या डब्यात घालून वर घट्ट झाकण लावलं. त्या डब्याने आजवर कांदा-लसूण चटणीखेरीज दुसरं काही पाहिलेलं नाही. चौथ्या दिवशी मी झाकण उघडलं तर फडक्याला टेकलेले तीन चिरूट फुगून उकलले होते आणि डब्यातून असा वास आला की मला भाकरीची आठवण झाली.

मी घाबरून ज्ञानूला बोलावलं. आपल्या गल्लीच्या टोकाला राहतो तो. त्याचं उभं आयुष्य निपाणीला तंबाखूच्या वखारीत गेलंय. त्याने उकललेला एक चिरूट नाकाशी नेला, पेटवला, एक झुरका घेतला आणि डोळे पुसत म्हणाला, "मास्तर, ह्यो तंबाखू न्हवं, ह्ये कालवण हाय की!" आणि तरी सगळा ओढून संपवला, हे विशेष. मग त्याने मला धडा दिला. तंबाखूचं पान वाळून कडक झालं की हात लावताच चुरा होतो, भिजलं की कुजतं. पहाटेच्या दहिवराने ते जितकं नरमतं तितकंच नरम पाहिजे. "पापड सादळतोय बगा, तेवडंच. त्येच्या म्होरं न्हाई, मागं बी न्हाई." जन्मभर आपण पापड सादळू नयेत म्हणून धडपडलो आणि म्हातारपणी मला काही सादळवत ठेवायचं काम मिळालं.

बाकीचे चिरूट त्याने वाऱ्यावर पसरून, वास उडवून वाचवले. मी वाचनालयात जाऊन जाडजूड इंग्रजी ग्रंथ उघडले. पत्र्याचा डबा नको, त्याला आतून घाम येतो. आजोबांचा पितळी पानाचा डबा नको, त्यात अजून काताचा वास आहे. लाकडाचीच पेटी हवी. शाहूपुरीत केरबाच्या कारखान्यात गेलो. त्याने साग दाखवला, पण सागाला तेलकट वास. देवदाराच्या फळ्या दाखवल्या, त्यांना राळेचा. मी प्रत्येक फळीला नाक लावून नको नको म्हणत हिंडत होतो आणि त्याची माणसं हातातली कामं सोडून माझ्याकडे बघत होती. शेवटी केरबा म्हणाला, "मग तुणीचं घ्या की मास्तर. वास ग्वाड, किडा लागत न्हाई, आन् वलीनं वाकडं बी हुईत न्हाई." तो वास एकदा घेतला आणि मी तिथेच पेटी ठरवली. चार दिवस रोज जाऊन बसत होतो. एक खिळा मारला नाही त्याने, सगळे कोपरे दातात दात अडकवून जोडले. झाकण असं बसवलं की वरून सोडलं तर धाडकन पडत नाही, आतली हवा हळूहळू बाहेर सारत हुश्श करून टेकतं. आतले कोपरे मात्र तो काचकागदाने घासत राहिला, घासत राहिला. मी म्हटलं, अरे, चिरुटाला काही टोचत नाही. तर वर न बघता म्हणाला, "आसू द्या, हातानं हून गेलं." मीही एक काचकागद उचलला आणि झाकणाची कड घासायला बसलो.

पेटी घरी आली आणि मग खरी गंमत सुरू झाली. आतलं लाकूड उकळून गार केलेल्या पाण्याने पुसायचं, वाटीभर पाणी ठेवून झाकण लावायचं, असं आठवडाभर लाकडालाच आधी पाणी पाजलं. नाहीतर तेच चिरुटांतली ओल ओढून घेतं. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेला वस्तू पुरवणाऱ्या दुकानातून हवेतली ओल मोजायचं घड्याळासारखं यंत्र आणलं. ते खरं बोलतं का खोटं, हे पाहायला बरणीत मिठाचा ओला लगदा घालून त्यात ते रात्रभर बंद केलं. अशा बरणीत काटा पंचाहत्तरवर यायला हवा. आला बहात्तरवर! म्हणजे यंत्र तीन अंकांनी कमी सांगतं, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो बघून आई म्हणाली, "मुलीच्या मॅट्रिकच्या निकालाला एवढे नाचला नव्हतात." कुंभारगल्लीतून बिनरंगाची पणती आणून तिच्यात पाणी भरलं आणि पेटीच्या कोपऱ्यात ठेवली. सकाळी चहाआधी एकदा आणि संध्याकाळी दिवा लावताना एकदा काटा बघायचा, वहीत लिहायचा. सत्तरच्या आसपास राहिला की मी खूश.

जुलैत पंचगंगा दुथडी भरली. घरातली काडेपेटी पेटेना, चपलांना बुरशी, आणि पेटीतला काटा पंच्याऐंशीवर. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, की डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय, पायऱ्या चढायच्या नाहीत. आईने पत्र वाचलं, घडी घातली आणि अंबाबाईला गेली. मी पेटी उघडून बसलो. नंदू, तिथे मी काय करू शकणार होतो? तुला आणि मला जोडायला पंधरा दिवसांनी पोचणारा एक निळा कागद. पण हा काटा मला खाली आणता येणार होता. दोन चिरुटांवर पांढरी बुरशी दिसली तेव्हा मी दिवा जवळ ओढून एकेक चिरूट उलटसुलट करून पाहिला, आणि ही धडपड चिरुटांसाठी नव्हती, हे मला त्याच क्षणी कळलं. मला मनातून खात्री झाली होती की हे वाचले तर सगळं वाचेल. कसला विज्ञानाचा मास्तर आणि काय! पुसले ते मऊ फडक्याने. पणतीतलं पाणी ओतून त्या जागी तोच मिठाचा लगदा भरला. मीठ मोठं गुणी असतं, ओल जास्त झाली की पिऊन घेतं, कमी झाली की परत देतं. पाच दिवसांत काटा उतरला. त्या संध्याकाळी मी तुला पत्र लिहिलं, 'काटा पुन्हा चौऱ्याहत्तरवर, चिंता नसावी.' त्यावर तुझं उत्तर आलं, की अप्पा, मी महिनाभर छत बघत पडून आहे आणि तुम्हाला माझ्यापेक्षा तंबाखूची काळजी. ते पत्र मी आईला दाखवलं नाही. माझ्या वहीत ठेवलंय.

सप्टेंबरात एक मजा झाली. पेटी पुसायला जुनं सुती कापड हवं होतं, आई बाजारात गेली होती, म्हणून मी तिची ट्रंक उघडली. वरती दोन शाली, आणि खाली काय असावं? तिच्या जुन्या इरकली लुगड्यांची दुपटी, सात की आठ. बारीक टाके. सगळ्यांत वर लाल गोंड्याची कुंची. कायदा करणारी बाई स्वतःच कायदा मोडून बसली होती! मी ट्रंक जशीच्या तशी बंद केली आणि पेटी धोतराच्या सोग्याने पुसली. काल तार आल्यावर रडून झाल्यावर ती उठली, ट्रंक उघडली आणि ती दुपटी माझ्यापुढे टाकून म्हणाली, "ही काही मी शिवली नव्हती, नुसते तुकडे जोडून ठेवले होते." मी म्हटलं, बरं.

आणि मग वाटप. मुलगी झाली तर बर्फी द्यायची आपली रीत, म्हणून आईने बर्फी मागवली, आणि मी पेटी काखेत मारून निघालो. केरबाने चिरूट कानावर खोचला आणि पेटीचं झाकण दोनदा उघडझाप करून बघितलं. ज्ञानूने वास घेतला, बोटांत दाबला आणि म्हणाला, "आक्षी दहिवरातलं पान!" नंदू, माझ्या सबंध नोकरीत असं प्रशस्तिपत्र मला मिळालं नाही. हेडमास्तर आमचे विडीसुद्धा न ओढणारे, त्यांनी तो शाल घेतल्यासारखा दोन्ही हातांनी घेतला. सगळ्यांवर कडी केली ती दूध घालणाऱ्या धोंडुबाईंनी. मी त्यांना बर्फी द्यायला लागलो तर चरवी खाली ठेवून म्हणाल्या, "पोरगी झालीया न्हवं? मग बायकांस्नी का न्हाई? द्या हिकडं." आणि आपल्या पायरीवर बसून त्यांनी तो अख्खा ओढला. गल्ली गोळा झाली होती. शेवटी सगळ्यांनी मलाही आग्रह केला. मी आयुष्यात पहिला आणि शेवटचा झुरका घेतला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. ते ठसक्यानेच आलं असं सगळ्यांनी मानलं, मीही मान्य केलं.

आता हे एवढं पुराण का लावलं ते सांगतो. आज सकाळी चहा घेताना मी आईला विचारलं, आता विचारू का तिला? ती म्हणाली, "आता विचारा. सगळं विचारा." म्हणून हे पत्र. गेल्या सहा महिन्यांत दर वेळी निळा कागद समोर घेतला की हेच प्रश्न हाताशी यायचे आणि मी त्यांच्या जागी काट्याचा आकडा लिहायचो. तू रागावलीस ते बरोबर होतं, मला माफ कर. उत्तरं उशिराने का होईना, एकेक करून सगळ्यांची लिही. डोहाळे कसले लागले? चिंचा मिळाल्या का तिकडे? उलट्या किती दिवस झाल्या? पाय सुजायचे का, कुणी चेपून द्यायचं का? झोपून होतीस तेव्हा उशाशी पाणी कोण ठेवायचं? तिने पहिली लाथ मारली तेव्हा तू काय करत होतीस, कुणाला सांगितलंस? आईची आठवण आली की काय करायचीस? मांडीवर घेतल्यावर ती आधी रडली की तू? आणि रोज रात्री दिवा मालवल्यावर भीती वाटायची का गं? मला फार वाटायची.

तुझाच,
अप्पा