समीक्षाला न सांगितलेला आकडा

मी, कामिनी लीलाधर भंगाळे, वय ३१, वजनकाटे व मापे तपासणारी तंत्रज्ञ, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना लिहिते. गुरुवारी पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. धोका अल्प आहे, शून्य नाही.

१. बँकेतील ठेव व रावेरची वीस गुंठे केळीची जमीन आई कुंदाबाई हिला.

२. मानक वजनांची पेटी सहकारी नवल यांना. वजने चिमट्यानेच उचलावीत. या मृत्युपत्राचे व्यवस्थापकही तेच.

३. माझा करडा स्वेटर धुळ्यातल्या देवपूरच्या माझ्या मैत्रिणीकडे, समीक्षाकडे आहे. परत मागू नये. स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गच्या जुन्या संसद-दालनातल्या फोटोत तो तिला माझ्यापेक्षा बरा दिसतो. फोटो मी अकरा वेळा पाहिला.

४. इंग्लंडशी एक झाल्यावर स्कॉटलंडचे काय झाले, यावर आम्ही दोघींनी चार वर्षे काम केले. १७०७ साली संसद गेली, कायदा व न्यायालये राहिली, मापे इंग्रजी आली. तिथे जाऊन शिकण्याची शिष्यवृत्ती एकच होती, तिला मिळाली. निघताना म्हणाली, "कामे, तू काटे तपास, इतिहासाचं मी बघते." मी हसले. ते हसणे खोटे होते, अशी येथे नोंद करते.

५. १९ तारखेला तिचे तिथे व्याख्यान आहे: संसद गेल्याच्या दुःखात एका गुत्त्यातली बिअर जवळजवळ तिप्पट खपू लागली. मसुदा तिने मला वाचायला पाठवला. बिअर वाढलेलीच नाही. आधीच्या नोंदी स्कॉटिश गॅलनात, नंतरच्या इंग्रजी गॅलनात. बारा स्कॉटिश म्हणजे चौतीस इंग्रजी. हे विलीनीकरणाच्या करारातच लिहिले आहे. मी कळवले, "छान झालंय."

आईला हे सांगितले. ती म्हणाली, "तिले सांगून दे ना वं माय. कायले जीव जाळू राह्यली?"

६. ही दुरुस्ती माझ्या मृत्यूनंतर समीक्षाला द्यावी, असे आधी लिहिले होते. ते रद्द. मी जगले तर ती भरसभेत तोंडघशी पडेल, आणि मला ते आवडेल. म्हणूनच हे कलम माझ्या मरणावर ठेवत नाही. तिला कळवायला मी स्वतः तीनदा लिहून पुसले. नवलभाऊंनी आज, माझी सही होताच, दुरुस्ती पाठवावी. चार वर्षांच्या कामाची माझी टिपणे मात्र मी असेपर्यंत माझी, नंतर तिची. सोबत अभिनंदन लिहू नये. ते मी दिलेले नाही.

ठिकाण: जळगाव
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५

(सही) कामिनी लीलाधर भंगाळे

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. आम्हाला यातले काही मिळणार नाही.
१. भाईदास छगन महाजन
२. धुरपदाबाई जीवराम चौधरी