हिलालरावांनी रेघा ओढलेलं पुस्तक

लिंबायत, सुरत
ता. ७ ऑगस्ट १९९६

ती. सुकदेवदादास,
नूतनचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही इकडे आहोत. खुशाल म्हणवत नाही. दोन महिने झाले, हे घरात असून नसल्यासारखे आहेत. विचारलं की उत्तर नाही, पुन्हा विचारलं की अंगावर येतात. रविवारी चैताली शाळेतलं काहीबाही सांगत होती आणि हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सात वर्षांची पोर. मला म्हणाली, पप्पांना मी आवडत नाही.

कापडाच्या लूमवरून आले की जेवायचं आणि तू मे महिन्यात दिलेलं पुस्तक घेऊन बसायचं. संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. मला त्या पुस्तकाचाच हेवा वाटतो. दारू नाही, तेवढं खरं. मग दुसरी कोणी आहे का? कोणाला विचारू? चैतालीला घेऊन काही दिवस तिकडे येऊ का, ते लगेच कळव.

तुझा लोभ आहेच, सध्या तो जास्त लागतोय.
तुझी नूतन


अमळनेर
ता. १३ ऑगस्ट १९९६

चि. सौ. नूतनला अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून तुझी वहिनी नीट जेवली नाही. घर तुझंच आहे, कधीही ये. फक्त रागाच्या भरात निघू नकोस. तुझ्या लग्नात माझ्या चपला चोरीला गेल्या, तेव्हा हिलालराव पाव्हण्यांनी स्वतःच्या काढून दिल्या होत्या. तो माणूस असा का वागतोय, मला कळत नाही. इथे बसून खोटा धीर देणार नाही.

पण बावीस वर्षं वाचनालयात काढली. एकच पुस्तक कोणी पुन्हा पुन्हा वाचतो, तेव्हा त्यात त्याचं स्वतःचं काहीतरी असतं, एवढं पाहिलंय. लहानपणी माझ्या हातातलं पुस्तक ओढून पळायचीस. लग्नानंतर एकही मागितलं नाहीस. हे तेवढं वाच, मग ठरव.

वहिनीचे आशीर्वाद. पत्राला उशीर करू नकोस.
सुकदेव


लिंबायत, सुरत
ता. २५ ऑगस्ट १९९६

ती. दादास, शि. सा. न.

हे पाळीवर गेले की मी पुस्तक वाचत होते, काल संपलं. एका टपालवाल्याची गोष्ट आहे. त्याची नजर जात चाललीय. नोकरी जाईल म्हणून तो घरातही सांगत नाही. बायकोने काही वाचायला दिलं की चिडतो, म्हणजे वाचावं लागत नाही. बायको त्याला तापट म्हणते. दादा, मला राग आला तो बायकोचा. एवढं डोळ्यांसमोर चाललंय आणि हिला दिसत कसं नाही! मग पाहिलं तर जिथे जिथे तो चिडतो, तिथे तिथे यांनी पेन्सिलीने बारीक रेघ ओढलेली.

संध्याकाळी हे पाठमोरे बसले होते. मी हळू हाक मारली, मग मोठ्याने, मग ताट आपटलं. चैताली दचकली. हे हललेही नाहीत.

यांची चौदा वर्षं लूमच्या खडखडाटात गेली, कान गेले असतील हे मला कधी सुचलंच नाही. आता दुसरीच भीती बसलीय. शेठला कळलं तर? रस्त्यात रिक्षाचा हॉर्न ऐकू आला नाही तर? येण्याची वेळ झाली की मी दारातच उभी असते. आणि मला कळलंय हे यांना सांगू कसं? मोठ्याने सांगावं तर सगळी गल्ली ऐकेल.

मार्ग सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी नूतन


अमळनेर
ता. ३० ऑगस्ट १९९६

चि. सौ. नूतन, आशीर्वाद.

मे महिन्यात पाव्हणे इथे आले, तेव्हा मी कपाटाकडे तोंड करून त्यांच्याशी बोलत होतो. उत्तर येईना. मनात म्हटलं, सुरतेला जाऊन माणूस शिष्ट झाला. ते पुस्तक मी दोनदा वाचलेलं आहे, नूतन, आणि तरीही असं म्हटलं. तू एकदाच वाचलंस आणि ओळखलंस.

बोलू नकोस, लिहून दे. आणि दिवस घालवू नकोस. त्या रिक्षांची भीती आता मलाही वाटतेय.

काळजीत असलेला,
सुकदेव


लिंबायत, सुरत
ता. २२ सप्टेंबर १९९६

ती. सुकदेवदादा यांना हिलालचा सा. न.

तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

नूतनने पुस्तकात चिठ्ठी ठेवली होती. टपालवाल्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, मलाही उशीर झाला, आता विचारते, तुम्हाला किती ऐकू येतं, असं लिहिलं होतं. मी उठून दारातल्या ओट्यावर जाऊन बसलो. ती आली, शेजारी बसली. मी डाव्या कानावर हात ठेवला आणि नाही अशी मान हलवली. मग दोघंही रडलो.

डॉक्टर म्हणाले, डावा गेला. उजव्याला यंत्राने थोडं येईल, पण लूमवर राहिलात तर तोही जाईल. शेठला मीच जाऊन सांगितलं. कापडाच्या घड्या घालायच्या कामावर जागा बघतो म्हणालेत, नक्की काही नाही. रोज काळजी वाटते. पण आता ती दोघांना वाटते.

काल चैताली एक गुजराती कविता म्हणून दाखवत होती. दोन वर्षं डोलावतोय तशीच मी मान डोलावली. मग थांबलो आणि तिला सांगितलं की मला काहीच ऐकू आलं नाही. ती मांडीवर चढली, उजव्या कानाला तोंड लावलं आणि कविता पहिल्यापासून सुरू केली.

आपला जिव्हाळा असाच राहू द्यावा.
हिलाल