खारी माणसाळली नव्हती

दिंडोशी, गोरेगाव पूर्व
११ फेब्रुवारी २०२५

चि. मानसीस अनेक आशीर्वाद.

निधीला गोड पापा. मुलुंडला तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार सांग, ते घेतील तर. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

तू माझा फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण परवा निधीचा व्हॉइस मेसेज आला, "आजी, माझ्या पिल्लांना रोज विंचरतेस ना?" तिला सांग, विंचरते गो बाय. आधी मात्र वाट लावली होती.

तीन महिन्यांची झाली आता तुझी ती गिनीपिगं. बटरचे केस अजून बरे, पण खारीचे पोटाखाली लोंबतात. तू गेल्यावर पंधरा दिवस त्यांना कोणी हात लावला नाही. मागच्या केसांत ह्या एवढ्या गुठळ्या झाल्या. मला जन्मात केसांवर एकच औषध माहीत, खोबरेल. दिलं चोळून. त्यावर पिंजऱ्यातलं सगळं गवत चिकटलं आणि खारी अर्धवट सोललेल्या नारळासारखी दिसायला लागली. मग टोपलीत घालून नेली नाक्यावरच्या प्राण्यांच्या डॉक्टरणीकडे. कालची पोरगी, पण मला चांगली झापली.

तिने शिकवलं तसं करते आता. मागचे केस कात्रीने आखूड ठेवायचे, नाहीतर मुतात भिजतात. गुंता मुळाशी धरायचा आणि टोकाकडून सोडवत यायचं, म्हणजे कातडी ओढत नाही. वरून झडप घालून उचलायचं नाही, त्यांना घार आल्यासारखं वाटतं. खालून दोन्ही हात घालायचे, मांडीवर टॉवेल, पुढ्यात कोथिंबीर. बटर आता फ्रीज उघडला की शिट्ट्या मारतो, चावट कुठला.

खारीचं वेगळं. ती मांडीवर घेतली की हलायचीच नाही. मी डॉक्टरणीला कौतुकाने म्हटलं, "बघ, किती लवकर माणसाळली. हूं नाही की चूं नाही." ती म्हणाली, "आजी, ही माणसाळलेली नाही. घाबरून थिजलीय. ज्याला भीती वाटत नाही ते ओरडतं, पळतं, नको असेल तर मान काढून घेतं."

घरी आले आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आठ वर्षं मी बिल्डिंगभर सांगत फिरले, माझी सून गरीब गाय, कधी उलट शब्द नाही. तू गप्प असायचीस आणि मी ते मिरवायचे. तू का गप्प आहेस हे मी विचारलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं. लिहून टाकते एकदाचं.

त्या रविवारी दुपारी तू हॉलमध्ये खारीला विंचरत होतीस. नितेशच्या शर्टाला केस लागले म्हणून त्याने तुझ्या कानाखाली मारली. पहिल्यांदा नव्हे. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी आत जाऊन मिक्सर लावला. त्यात काही वाटायचं नव्हतं गो. नुसता फिरवला.

नंतर सगळ्यांना सांगितलं, मी मासळी आणायला गेले होते, मला काही माहीत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. नितेश सांगतो, जनावरांवरून क्षुल्लक भांडण झालं आणि बायको रुसून गेली. आणि आईच घरात नव्हती म्हटल्यावर सगळ्यांना ते पटतं.

येत्या रविवारी कुर्ल्याला जयावन्सांकडे तुमच्या दोघांची बैठक आहे. वन्स विचारतील, "वहिनी, तुम्ही सांगा, झालं काय?" नवऱ्याच्या बहिणीला मी आजवर उलट बोलले नाही. ह्या वेळी बोलणार आहे. मी घरात होते, मी बघितलं, आणि ते पहिल्यांदा नव्हतं, एवढं सांगणार. नितेशला कालच सांगून ठेवलं. तो म्हणाला, "आई, तू कोणाची?" मी म्हटलं, "तुझीच रे, म्हणून तर आजवर खोटं बोलले." तेव्हापासून तो घरात जेवत नाही. फ्लॅट त्याच्या नावावर आहे, हे मला कळतं. भीती वाटते. पण बोलणार.

एक सांगते. मी खरं बोलल्यावर सगळे म्हणतील, झालं ना आता, चल घरी. माझी भीड धरून तेव्हा मान हलवू नको. पोलिसात जायचं असेल तर तिथेही मी हेच सांगेन. तू नाही आलीस तरी बैठकीत मी बोलणार आहे, ते तुझ्या येण्यावर नाही.

माफी कागदावर मागत नाही. ती सगळ्यांसमोर मागायची आहे.

तुझी,
रत्नप्रभा
(खाली 'सासू' लिहिणार होते. ते तू रविवारनंतर ठरव.)