तुझ्या नावाने पळतेय

नात्सुए ताई,

सुजलेला गुडघा शेकता शेकता तुझा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. डोंगरावरच्या शर्यतीत तुझ्या जागी मी पळणार आहे, तुझाच नंबर छातीला लावून. तुझ्या मागच्या वेळेपेक्षा लवकर पोचले तर रुसायचं नाही हं! पेज गॅसवर आहे, गरम करून घे.

गावचा भोंगा पहाटेपासून वादळाचा इशारा देतोय. खिंडीपलीकडे सगळं पांढरं झालंय, तरी शर्यत रद्द नाही.

मी वेळेत उतरले नाही, तर आयोजक तुलाच फोन करतील, "नात्सुएसान, सुखरूप घरी पोचलात ना?" तू सवयीने म्हणशील, "हो, घरीच आहे, तुम्हाला उगाच त्रास झाला." तसं म्हणू नकोस, ताई. मग मला शोधायला कुणीच निघणार नाही.

चिझुरु