आईच्या मोतीबिंदूसाठी केलेला त्याग

चि. अभिराम यास,
ग्वाल्हेरहून थोरल्या बंधूचे, केवळ प्रथा म्हणून आशीर्वाद.

"दादा, आईच्या ऑपरेशनसाठी फालतू खर्च आवर," ही तुझी आज्ञा मी शिरोधार्य मानली. सायंकालीन कचोरीचा त्याग केला. टेम्पोची सवारी वर्ज्य करून थाटीपुरातल्या घरून लष्कर भागातल्या कचेरीत पायी जातो; वाचलेली रक्कम दरमहा तुला धाडतो. चपलांनी देह ठेवला, मी अद्याप आहे.

काल आई फोनवर म्हणाली, "ऑपरेशन पुढे ढकललंय रे. अभीने भिंतीएवढा टीव्ही आणलाय. मला नुसता उजेड दिसतो."

तुझी रसिकता वंदनीय आहे. रविवारी येऊन मी आईला ऑपरेशनसाठी इकडे आणणार आहे; तिची बॅग भरून ठेव.

तुझ्या लेकीची, चि. अंतराची, शाळेची परीक्षा कशी झाली? डोळ्यांची पट्टी सुटल्यावर आजीला प्रथम नातच पाहायची आहे. तुला पाहण्याची त्वरा आम्हां उभयतांस नाही.

निरुपायाने तुझाच,
गोविंददादा